सुटीचा दिवस आणि कापडाचा हत्ती

देवळाली कॅम्प हें कोरड्या व निरोगी हवेचें ठिकाण म्हणून आमच्या वाचकांस परिचित आहेच. परंतु याच गांवाच्या नांवावरून इंग्रजी भाषेंत एक चमत्कारिक शब्द गेला आहे. ब्रिटिश अमदानींत नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई स्वदेशीं जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथील छावणींत महिनोन् महिने राहत. जहाजें बहुधा हिंवाळ्यांतच सुटत. तोंपर्यंत हातांस काम नाहीं व मनास विरंगुळा नाहीं. कित्येक भ्रमिष्टासारखे वागूं लागत, म्हणून देवळालीचा अपभ्रंश 'डूलाली' हा शब्द 'वेडसर' या अर्थीं रूढ झाला.

उन्हाळ्याच्या सुटींत मुलें घरीं असलीं म्हणजे या रिकामपणाची लहानशी प्रचीति प्रत्येक एकत्र कुटुंबांत येते. त्यावर एक उपाय आम्ही सुचवितों व त्याच्या आरंभास १ मे हा दिवस सर्वांत योग्य समजतों. १९६० सालीं याच दिवशीं महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें. आणि हाच दिवस अनेक देशांत कामगारांचा म्हणून पाळला जातो. सकाळीं झेंडावंदन आटोपल्यावर, दुपारीं ऊन उतरेपर्यंत सर्वांनीं एकत्र बसून जुन्या कापडाचीं खेळणीं शिवावीं. श्रमाचा मान श्रमानेंच राखला जातो.

साहित्य घरांतच असतें. विरलेलें सुती लुगडें किंवा धोतर स्वच्छ धुऊन घ्यावें. हत्तीचा आकार कागदावर काढून त्याबरहुकूम दोन तुकडे, कडेस अर्धा इंच जास्त ठेवून, कापावे. सुलट बाजू आंत ठेवून बारीक टीप घालावी. पोटाशीं दोन इंच जागा उघडी ठेवावी. सोंडेच्या बांकाशीं कडेला लहान कातरे दिले म्हणजे उलटल्यावर कापड चुणत नाहीं. भरावयास सांवरीचा कापूस उत्तम. त्याचीं बोंडें उन्हाळ्यांतच फुटतात. काडीनें प्रथम सोंड व पाय भरावे, मग पोट, आणि शेवटीं तोंड शिवून टाकावें. डोळ्यांस गुंड्या लावूं नयेत. लहान मूल त्या तोडून गिळण्याचें भय असतें. काळ्या दोऱ्याचे टांकेच बरे.

हत्तीच सुचविण्यास कारण आहे. बालपणींच पोलिओनें पाय अधू झालेल्या जर्मनींतील मार्गारेट स्टाइफ या बाईंनीं १८८० च्या सुमारास टांचण्या खोंचण्याकरितां एक लहानसा कापडी हत्ती शिवला. मुलांना तो खेळणें म्हणूनच अधिक आवडला, आणि त्यांतून एका जगप्रसिद्ध कारखान्याचा उदय झाला.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सुटीच्या दिवशीं पुरुषांस व मुलांस विसांवा असतो; स्वयंपाकघरास तो नसतो. उलट गोडधोडाच्या बेतानें घरांतील बायकांचें काम वाढतें. म्हणून त्या दुपारीं सुई प्रथम मुलग्यांच्या व त्यांच्या वडिलांच्या हातीं द्यावी. आजीबाईंनीं शिकवावें, त्यांनीं शिवावें. एक वेडावांकडा हत्ती तयार होईपर्यंत बोटास दोनतीनदां सुई टोंचेल; आणि आपल्या अंगावरचें कापड कोणाच्या तरी हातांनीं शिवलेलें आहे, हें मुलांना भाषणावांचून कळेल.