कॅमेऱ्यावरचा लाल दिवा

एखाद्या कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण तीन-चार कॅमेऱ्यांनी होते, तेव्हा प्रेक्षकांना एका वेळी बहुधा एकाच कॅमेऱ्याचे दृश्य दिसते. ते कोणते, हे स्विचरवर बसलेली व्यक्ती ठरवते. निवडलेल्या कॅमेऱ्यावर लाल दिवा लागतो आणि त्यानंतर ज्याची पाळी आहे त्यावर हिरवा. यालाच टॅली लाइट म्हणतात. लाल दिवा असेपर्यंत कॅमेरा हलवायचा नाही, एवढा त्याचा साधा अर्थ.

मोठ्या स्टुडिओत हा इशारा कॅमेऱ्याच्या मुख्य केबलमधूनच येतो. शाळांकडील साध्या कॅमेऱ्यांना ही सोय नसते. ही उणीव रास्पबेरी पाय भरून काढू शकतो. २०१२ साली इंग्लंडमध्ये विक्रीस आलेला हा एका पाटीवरचा छोटा संगणक मुळात मुलांनी संगणकशास्त्र शिकावे म्हणूनच घडवला गेला.

रचना अशी असते. स्विचर, मग तो एटेमसारखे यंत्र असो वा ओबीएससारखी प्रणाली, कोणते दृश्य चालू आहे ही माहिती नेटवर्कवर देतो. टॅली आर्बिटर ही मुक्त प्रणाली ती माहिती घेऊन प्रत्येक कॅमेऱ्यावरील पायला कळवते. आपला क्रमांक आला की पाय आपल्या पिनेवर ३.३ व्होल्ट दाब देतो आणि एलईडी उजळते. लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेते; उरलेल्या दाबासाठी ३३० ओहमचा रोधक जोडला की प्रवाह ४ मिलीअँपिअरच्या आसपास राहतो व पिनेला धोका पोहोचत नाही.

या दिव्यांना इंटरनेट लागत नाही. सभागृहातले राउटर पुरेसे असते. भातसानगरसारख्या ठिकाणी ही मोठीच सोय आहे. मात्र गर्दीत शेकडो मोबाइल असताना वायफाय डळमळते, म्हणून १०० मीटरपर्यंत तार टाकणे उत्तम. वीज गेली तरी पाय पॉवर बँकेवर चालतो. परंतु राउटर आणि स्विचर यांनाही यूपीएस हवा.

सर्वांत महत्त्वाची खबरदारी वेगळीच आहे. विझलेल्या दिव्याचे दोन अर्थ संभवतात : कॅमेरा बंद आहे, किंवा संपर्कच तुटला आहे. दुसऱ्या अर्थाचा पहिला समज झाला, तर चालू कॅमेराच हलतो. यासाठी संपर्क तुटताच दिवा लुकलुकावा, अशी आज्ञा प्रोग्रॅममध्ये असावी.

आमच्या शहापूर-मुरबाड भागातील कित्येक पालक कामासाठी घरापासून दूर, वीटभट्टीवर वा मुंबईत असतात. स्नेहसंमेलनात लेकराचे दोन मिनिटांचे भाषण ते मोबाइलवरच पाहतात. ती दोन मिनिटे पुन्हा येत नाहीत. म्हणून सोल्डरिंग वा प्रोग्रॅमिंग जाणणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी एक रविवार शाळेसाठी द्यावा आणि हे दिवे मुलांच्याच हातून घडवून घ्यावेत, अशी आमची नम्र विनंती आहे.