शून्य मैलाचा स्तंभ आणि मेट्रो

मुलांनो, नागपूरच्या सीताबर्डीजवळ शून्य मैलाचा स्तंभ आहे. शेजारी चार घोड्यांचे पुतळे आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या मेट्रोचा उंच पूल याच भागातून जातो.

शहरात असा पूल बांधण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली गोष्ट दृश्याची. लोक जेथून जुनी वास्तू पाहतात, तेथून छायाचित्र घेऊन त्यावर नियोजित पूल रेखाटतात. वास्तू झाकली जाईल काय, हे त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट लोकजीवनाची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींची मिरवणूक कोठून जाईल? ताजबागच्या उरसाला येणाऱ्यांना वाट राहील काय? हे तेथील रहिवाशांनाच विचारावे लागते.

कागदावरची रेघ खोडता येते; उभा खांब हलवता येत नाही. म्हणून हे प्रश्न आधीच विचारावेत.