लिटरामागचे किलोमीटर

मोटारीच्या ज्या तक्रारी गॅरेजच्या दारी येतात, त्यांत ‘गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही’ ही तक्रार फार वेळा ऐकू येते आणि फार क्वचित तपासली जाते. इंजिन तापले तर वाफ दिसते, ब्रेक कमी पडला तर पायाला कळते, बेअरिंग गेले तर कानाला कळते; परंतु पेट्रोल अधिक जळते या गोष्टीला मनुष्याचे कोणतेही इंद्रिय साक्षी नसते. ती केवळ हिशेबातून प्रकट होते, आणि हिशेबच अंदाजाने मांडलेला असला तर फिर्यादही अंदाजाची, निवाडाही अंदाजाचा, आणि मधल्या मध्ये बदललेले प्लग, धुतलेले इंजेक्टर व नवा फिल्टर यांचे पैसे मात्र रोख मोजावे लागतात. म्हणून या तक्रारीचा तपास कसा करावा हे ज्यांना कळते, अशा माणसांविषयी मला फार आदर वाटतो. आणि असे एक मेस्त्री पेणला लागून असलेल्या रामवाडीत मला भेटले.

रामवाडीत एस.टी.च्या रायगड विभागाचे कार्यालय आणि कार्यशाळा आहे. एस.टी.मध्ये इंधनाचा हिशेब लिटरामागे न मांडता दहा लिटरांमागे मांडतात. बस एका लिटरात चार-पाच किलोमीटरच जाते; तेव्हा चालकाचालकांतला आणि गाडीगाडीतला सूक्ष्म फरक लिटराच्या आकड्यात दडून जातो, तो दहा लिटरांच्या आकड्यात उघड होतो. या आकड्याला तेथे के.पी.टी.एल. म्हणतात. मेस्त्रींची उमेदवारी त्याच शिस्तीत गेली होती. पुढे त्यांनी महामार्गालगत स्वतःचे गॅरेज काढले. परंतु गाडीचे बॉनेट उघडण्यापूर्वी वही उघडण्याची सवय त्यांनी सोडली नाही.

ज्या गाडीचा तपास मी प्रत्यक्ष पाहिला, ती एका शिक्षिकाबाईंची, आठशे सी.सी.ची, सुमारे दहा वर्षे वापरलेली लहान मोटार होती. बाई पेणला राहत आणि रोहा तालुक्यातील शाळेत रोज जात. गाडी घेतली तेव्हा कागदावर बावीस किलोमीटरचा दाखला होता, काही वर्षे अठरा-एकोणीस पडतही होते, आता चौदाही धड पडत नाहीत, अशी त्यांची कैफियत होती.

“बाई, चौदा हा आकडा काढला कसा?” मेस्त्रींनी विचारले.

“पाचशेचं पेट्रोल टाकते आणि लाल दिवा लागेपर्यंत किती चालली ते बघते.”

“मग आज गाडी राहू द्या. आधी आकडा खरा करू, मग गाडीकडे बघू.”

लाल दिवा हा इशारा आहे, ते माप नव्हे; गाडी चढावर उभी आहे की उतारावर यावरसुद्धा तो काही किलोमीटर आधी किंवा नंतर लागतो. मेस्त्रींची रीत साधी परंतु कडक होती. एकाच पंपावर, एकाच यंत्रापाशी, गाडी समपातळीवर उभी करून नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावयाची आणि त्यानंतर थेंबही वाढवावयाचा नाही; ओडोमीटरचा आकडा वहीत टिपावयाचा; टाकी बरीचशी रिती होईपर्यंत नेहमीप्रमाणेच गाडी चालवावयाची; आणि पुन्हा त्याच यंत्रापाशी त्याच रीतीने भरून जितके लिटर मावले तितके खर्ची टाकावयाचे. भरताना पाव-अर्ध्या लिटराची चूक नेहमीच होते. ती पाच लिटरांच्या हिशेबात हिशेबच बिघडवते, वीस लिटरांत मात्र एक-दोन टक्क्यांवर येते. म्हणून घाई करावयाची नाही. पंपाचे माप खोटे असल्याचा संशय बाईंना होताच. त्याचे निरसन करण्याची सोय प्रत्येक पंपावर असते: वैधमापन खात्याने मुद्रांकित केलेले पाच लिटरांचे माप ग्राहकाने मागितल्यास त्यात पेट्रोल सोडून दाखवावे लागते, आणि पाच लिटरांमागे पंचवीस मिलिलिटरांपर्यंतचीच तफावत कायद्याला मंजूर आहे. बाईंनी धीर करून ते माप मागितले. पेट्रोल रेषेला बरोबर आले. एक संशयित असा पहिल्याच दिवशी निर्दोष सुटला.

दुसरा साक्षीदार ओडोमीटर. त्याची साक्ष कोणी उलटतपासणीला घेत नाही, आणि येथे ती घेणे अगत्याचे होते. कारण मागे टायर बदलताना १४५ रुंदीच्या जागी १५५ रुंदीचे, उंचीचे प्रमाण तेच ८० टक्के असलेले टायर बसवले गेले होते. त्यामुळे चाकाचा व्यास सुमारे सोळा मिलिमीटरांनी वाढला होता. ओडोमीटर अंतर मोजत नाही, तो फेरे मोजतो. चाक तीन टक्क्यांनी मोठे झाले की तेवढ्याच प्रमाणात तो अंतर कमी सांगू लागतो. मेस्त्रींनी मोबाइलमधील उपग्रहाच्या नोंदीशी आकडा ताडून पाहिला आणि तेवढीच तूट निघाली. वहीप्रमाणे साडेचौदा आलेला आकडा वस्तुतः पंधराच्या जवळ होता.

येथे मेस्त्रींनी एक गोष्ट केली, जी मला या सर्व तपासात अत्यंत मार्मिक वाटली. लिटरामागे किती किलोमीटर हे गणित त्यांनी उलटे केले आणि शंभर किलोमीटरांना किती लिटर असा ताळेबंद मांडला. बावीसचा दाखला म्हणजे शंभराला सुमारे साडेचार लिटर. बाईंचा साडेचौदा म्हणजे जवळजवळ सहा लिटर नऊशे मिलिलिटर. मधले सव्वादोन-अडीच लिटर कोठे जातात, हा प्रश्न असा मांडला की प्रत्येक कारणाच्या नावे काही मिलिलिटर लिहिता येतात आणि त्यांची बेरीज करता येते. किलोमीटरांच्या भाषेत ती बेरीज होत नाही. टायरच्या नावे दोनशे मिलिलिटर त्याच दिवशी पडले.

दाखल्याच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे, कारण लोक त्याला सर्रास खोटा म्हणतात. असे दाखले पुण्याची ए.आर.ए.आय. ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था देते. तेथे गाडी रस्त्यावर न चालवता रोलरवर चालवतात. सुमारे वीस मिनिटांचा, साडेदहा किलोमीटरांच्या आसपासचा, कमाल नव्वद आणि सरासरी बत्तीस किलोमीटर वेगाचा एक ठरीव क्रम असतो, आणि बाईंच्या गाडीच्या काळी या परीक्षेत ए.सी. बंदच असे. जळालेले पेट्रोलही मापून घेत नाहीत; धुराड्यातून निघालेला वायू गोळा करून त्यातील कार्बनवरून ते गणिताने काढतात. ही परीक्षा अप्रामाणिक नाही. सर्व गाड्यांना एकच प्रश्नपत्रिका द्यावी एवढाच तिचा हेतू आहे, आणि त्या प्रश्नपत्रिकेत बाईंच्या वाटेवरचा, मोटारींच्या रांगांचा वडखळचा नाका नाही.

आकडा पक्का झाल्यावरच गाडीला हात लागला, आणि तोही इंजिनाला नव्हे, चाकांना. पहाटे रस्ता मोकळा असताना आम्ही रामवाडीहून निघालो. गडब, कासू, आमटेम मागे टाकून नागोठण्याच्या पुढे सुकेळी खिंड चढलो, कोलाडहून रोह्याकडे वळलो आणि त्याच वाटेने परतलो. गॅरेज जवळ येताच मेस्त्रींनी ब्रेकला पाय न लावता गाडी आपल्या गतीने संथ होऊ दिली व उभी केली. उतरून चारही चाकांपाशी तळहात नेला. तीन चाके कोमट होती. पुढचे डावे चाक असे तापले होते की हात टेकवेना. जॅकवर उचलून हाताने फिरवले तेव्हा निरोगी चाकाने जेथे दोन-तीन फेरे घ्यावेत तेथे ते अर्ध्यातच थांबले. कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या होत्या, आणि पाय सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहत होते. पेणच्या खाडीकाठची खारट हवा आणि कोकणचा चार महिन्यांचा पाऊस यांचे हे काम. बाईंना ते कळले नाही याचे कारण असे, की दोष हळूहळू वाढतो आणि पाय त्याबरोबरच नकळत अॅक्सिलरेटरवर अधिक दाबला जातो. मागच्या ड्रममध्येही शूज थोडे धरत होते. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी ठेवली म्हणजे बहुधा असे होते. पिना काढून, घासून, ब्रेकसाठीचे वेगळे ग्रीस लावून बसवण्यात सकाळ गेली. चारही टायरांत हवा पाच-सहा पौंडांनी कमी होती. ती गाडी थंड असताना दारावरच्या चिठ्ठीप्रमाणे भरली.

त्यानंतर स्कॅनर लागला. इंजिनाच्या संगणकाला काय वाटते हे तो वाचून दाखवतो, आणि त्यावरचा एकच आकडा पाहून मेस्त्री गप्प झाले: तास-दीड तास महामार्गावर चालूनही पाण्याचे तापमान साठ अंशांच्या वर जात नव्हते, जे नव्वदीच्या आसपास स्थिर असावयास हवे. थर्मोस्टॅट उघडून पाहिला तर घर रिकामे! पूर्वी कोणीतरी ‘गाडी तापू नये’ म्हणून तो काढून टाकला होता. हा उपाय आपल्याकडे फार प्रचलित आहे, आणि त्याचे नुकसान कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण गाडी खरोखरच तापत नाही. परंतु थर्मोस्टॅट हा अडथळा नव्हे. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत तापेतो रेडिएटरची वाट बंद ठेवणारा तो दरवान आहे. तो नसला तर थंड पाणी अखंड फिरत राहते, तेल घट्ट राहते, घर्षण वाढते, आणि संगणक इंजिन अद्याप थंडच आहे असे समजून मिश्रणात पेट्रोल सढळ सोडत राहतो. प्लग काढले तेव्हा त्यांच्या टोकांवर कोरडी काजळी होती. निरोगी प्लगचा फिकट तपकिरी रंग कोठेच नव्हता. काहीशे रुपयांचा नवा थर्मोस्टॅट बसला आणि काटा दहा मिनिटांत अठ्ठ्याऐंशीवर जाऊन थांबला.

एअर फिल्टर धुळीने करडा झाला होता. महामार्गाच्या रुंदीकरणाची धूळ या पट्ट्यातील प्रत्येक गाडीच्या पोटात आहे. तो बदलला, परंतु मेस्त्रींनी त्याच्या नावे एक मिलिलिटरही लिहिला नाही. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० च्या कार्ब्युरेटरला फिल्टर तुंबला की पेट्रोल जास्त ओढण्याची खोड होती, आणि ‘फिल्टर साफ करा, अ‍ॅव्हरेज वाढेल’ हा सल्ला तेव्हापासून गॅरेजागॅरेजांत चालत आला आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात हवा जेवढी आत येईल तेवढेच पेट्रोल सोडले जाते, त्यामुळे तुंबलेला फिल्टर ताकद खातो, पेट्रोल विशेष खात नाही. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली गाड्यांवर प्रयोग करून हेच दाखवले.

पेट्रोलचेच म्हणाल तर ते गाडी घेतली तेव्हाचे राहिलेले नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या लिटराहून सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. पाचवा हिस्सा ते मिसळले की मिश्रणाची ऊर्जा साधारण सहा-सात टक्क्यांनी उतरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या मोटारींना सहा ते सात टक्क्यांची घट लागेल असेच नमूद आहे. उसाच्या या राज्यात इथेनॉलचा फायदा अनेकांच्या घरी पोचतो हे मान्य करूनही, बाईंच्या वहीत त्याच्या नावे शंभर किलोमीटरांना तीनशे मिलिलिटर लिहिणे भाग होते, आणि त्यावर कोणत्याही गॅरेजमध्ये इलाज नाही.

सर्वांत मोठा भाग मात्र रस्त्याच्या नावे निघाला. माणसांसह नऊशे किलो वजनाची गाडी साठच्या वेगात असताना तिच्या अंगी सुमारे सव्वाशे किलोज्यूल ऊर्जा असते. खड्डा दिसला, ब्रेक दाबला, की ती सगळी ब्रेकच्या उष्णतेत जाते. आणि इंजिन पेट्रोलातील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचवत असल्याने पुन्हा साठवर येण्यासाठी सुमारे पंधरा मिलिलिटर पेट्रोल नव्याने जाळावे लागते. असे दहा खड्डे म्हणजे दीडशे मिलिलिटर, म्हणजे अडीच किलोमीटरांची वाट. या महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात या रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांनी किती पेट्रोल ब्रेकच्या उष्णतेत घालवले असेल, याचा हिशेब कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही, आणि तो मांडला जावा असे मला मनापासून वाटते. ठेकेदाराच्या विलंबाचा दंड ठरतो. प्रवाशाच्या टाकीतून गेलेल्याची मोजदादसुद्धा होत नाही. त्यात शनिवार-रविवारी अलिबागकडे वळणाऱ्या मोटारींनी वडखळला रांग लावली की ए.सी. चालू ठेवून उभे असलेले लहानसे इंजिनही तासाला अर्ध्या लिटराहून अधिक पिते, आणि त्या तासात किलोमीटर शून्य.

पुढची टाकी बाईंनी त्याच पंपावर, त्याच रीतीने मोजली. टायरची तूट धरून लिटरामागे सतरा किलोमीटरांच्या थोडे वर पडले. शंभराला पाच लिटर आठशे. ब्रेक, थर्मोस्टॅट आणि हवा यांनी मिळून नऊशे मिलिलिटर परत दिले होते. दाखल्याच्या मानाने सव्वा लिटर अद्याप अधिक होते. त्यातले तीनशे इथेनॉलचे, अंदाजे चारशे ए.सी.चे, आणि उरलेले रस्त्याचे व बाजारातल्या छोट्या फेऱ्यांचे, ज्यांत इंजिन तापण्यापूर्वीच बंद होते.

“म्हणजे बावीस कधीच पडायचे नाहीत?” बाईंनी विचारले.

“या रस्त्यावर नाही पडायचे, बाई. पण सतराच्या खाली आली तर मात्र लगेच आणा, तेव्हा गाडीत काहीतरी असेल.”

वहीच्या पानावर त्यांनी सतराचा आकडा लिहून त्याखाली रेघ मारली, मोठे टायर झिजतील तेव्हा मूळ मापाचेच घ्यावेत असे बजावले, आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवताना जमीन सपाट असेल तर हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावावा, असे सांगून तसा एक ठोकळा स्वतःच बाईंच्या डिकीत ठेवला.