गुळवेल, काढा आणि यकृत

करोनाच्या पहिल्या वर्षी गुळवेलीचा काढा घरोघरी उकळू लागला. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण पाहिले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी अशा ४३ रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांमध्ये प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा दिसल्या. यात नवल नाही. जी वेल प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून आपण घेतो, ती आधीच भरकटलेली यंत्रणाही चेतवू शकते.

मुंबईच्या नोंदींवर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात यकृताला घातक आहे. आक्षेप रास्त आहे, पण त्याने धोका टळत नाही, कारण बाजारातून कांडी आणणाऱ्याला हा फरक कळणार कसा? दुसरा युक्तिवाद पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचा. अनुभव लगेच होणारी उलटी किंवा जुलाब अचूक टिपतो. पण क्वचित एखाद्यालाच, तेही काही आठवड्यांनी होणारी कावीळ कोणी काढ्याशी जोडत नाही. शिवाय वैद्य प्रकृती पाहून, मोजून, ठरावीक दिवस औषध देतो. महिनोन्‌महिने रोज पेलाभर काढा ही परंपरा नव्हे. म्हणून प्रतिकारयंत्रणा भरकटल्याने होणारा संधिवात वा थायरॉइडचा विकार, किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांनी गुळवेल आपल्या मनाने घेऊ नये. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर काढा त्याच दिवशी थांबवावा आणि डॉक्टरांना तो घेतल्याचे आवर्जून सांगावे.