कामाबद्दल बोलायला शिकवणारं गाव

जर्मनीत मेकॅट्रॉनिक्सची किंवा औद्योगिक यंत्रकारागिरीची उमेदवारी साडेतीन वर्षांची असते. तिच्या अखेरच्या परीक्षेतला एक टप्पा आपल्याकडच्या आयटीआयच्या विद्यार्थ्याला नवखा वाटेल. मुलाने किंवा मुलीने आपल्याच कारखान्यातलं एक खरंखुरं काम आधी पूर्ण केलेलं असतं. एखादं यंत्र उघडून दुरुस्त केलेलं असतं किंवा एखादी नवी जुळणी उभी केलेली असते. मग परीक्षक मंडळासमोर बसून त्या कामाबद्दल बोलायचं. हाच क्रम का धरला, माप कुठे घेतलं, काम अडलं तेव्हा काय केलं, पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल? वेळ जास्तीत जास्त तीस मिनिटं. समोर मालकांचा प्रतिनिधी असतो, कामगारांचा प्रतिनिधी असतो आणि व्यवसाय शाळेतला शिक्षकही असतो. काम उत्तम झालं पण ते समजावून सांगता आलं नाही, तर गुण जातात.

बव्हेरियातलं हेर्त्सोगेनआउराख हे गाव ही पद्धत बघायला फार सोयीचं आहे. न्यूर्नबर्गजवळच्या या गावात जेमतेम चोवीस हजार माणसं राहतात. तरी आदिदास, प्युमा आणि बेअरिंग बनवणारी शेफलर या तिन्ही कंपन्यांची मुख्यालयं इथेच आहेत. क्रीडासाहित्याच्या दोन कंपन्यांमुळे गाव जगाला माहीत झालं. कारखान्यातल्या माणसाला बोलतं करण्याची गोष्ट मात्र शेफलरसारख्या यंत्रांच्या घरात अधिक नीट कळते. विल्हेल्म आणि गेऑर्ग शेफलर या भावांनी 1946 मध्ये ती कंपनी सुरू केली. आज तिच्या कामगारांची संख्या गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट आहे.

उमेदवारीतला मुलगा आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात असतो आणि उरलेले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत. काय केलं, काय शिकलो याची लेखी नोंद त्याला सतत ठेवावी लागते. प्रशिक्षक ती वाचून सही करतो. ही वही पूर्ण नसेल तर अंतिम परीक्षेला बसताच येत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना हे कंटाळवाणं वाटत असेल, पण साडेतीन वर्षं स्वतःच्या कामाचं वर्णन लिहीत राहिलेला माणूस त्या तीस मिनिटांत गडबडून जाण्याची शक्यता कमी. बोलण्याची तयारी लिहिण्यातून अशी हळूहळू झालेली असते.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. जुनी जर्मन उमेदवारीही आपल्याकडच्या मिस्त्रीच्या हाताखालच्या शिकण्यासारखीच होती: बघा, कानस चालवा, पुन्हा चालवा. 1987 मध्ये धातुकाम आणि वीजकाम या औद्योगिक व्यवसायांचे नियम नव्याने लिहिले गेले. कामगाराने आपलं काम स्वतः आखावं, स्वतः पार पाडावं आणि स्वतःच तपासावं, हे तेव्हा प्रशिक्षणाचं उद्दिष्ट ठरलं. कारण व्यवहारातलं होतं. संगणकावर चालणारी यंत्रं आली, एकेका माणसाच्या हाती महागडी जुळणी आली. फोरमन प्रत्येकाच्या खांद्याशी उभा राहणार कसा? ज्याला स्वतः ठरवायचं आहे त्याला पुढच्या पाळीतल्या माणसाला, देखभाल विभागाला आणि अभियंत्याला आपला निर्णय सांगताही यायला हवा.

शिकवणाऱ्याचंही तसंच. कितीही निष्णात टर्नर असला, तरी उमेदवारांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी घ्यायची तर जर्मनीत साधारणपणे वेगळी परीक्षा द्यावी लागते. तिची पहिली नियमावली 1972 ची आणि सध्याची 2009 ची. लेखी पेपर तीन तासांचा, आणि प्रात्यक्षिकात शिकवण्याचा एक प्रसंग सादर करून किंवा करून दाखवून त्यावर परीक्षकांशी चर्चा. शिकणाऱ्याला आधी काय सांगावं, चूक दाखवताना त्याचा अपमान होऊ नये म्हणून काय करावं, नाराज मुलाशी कसं बोलावं, हे सगळं त्यात येतं. ज्याला आपण ‘लीडरशिप’ म्हणतो, तिची पहिली पायरी इथे आहे. चाळिशीतला कारागीर सतरा वर्षांच्या पोरासमोर उभा राहून बोलायला शिकतो, आणि त्या शिकण्याला प्रमाणपत्राची किंमत असते.

या प्रशिक्षकांना हमखास शिकवली जाणारी चार पायऱ्यांची रीत (तयारी करून घ्या, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, सराव द्या) जर्मनीच्या बाहेरही चांगली रुजली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अनुभवी माणसं आघाडीवर गेली आणि कारखाने नवख्यांनी भरले, तेव्हा तिथल्या सरकारने पर्यवेक्षकांसाठी दहा-दहा तासांचे छोटे अभ्यासक्रम काढले. एक याच चार पायऱ्यांनी काम शिकवण्याचा, एक कामाची पद्धत सुधारण्याचा आणि एक माणसांशी वागण्याचा. तिसऱ्यातली शिकवण साधी होती: तक्रार आली की आधी पूर्ण हकीकत मिळवा, तोलून ठरवा, कृती करा, मग परिणाम झाला का ते जाऊन बघा. युद्धानंतर हे अभ्यासक्रम जपानने उचलले आणि टोयोटाने ते आपल्या पद्धतीत मुरवून घेतले. पंचतारांकित हॉटेलातल्या दोन दिवसांच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरापेक्षा हे दहा तास जास्त टिकले. ज्याला शिकवायचं त्याचं रोजचं काम हाच त्यांचा धडा होता, हे त्यामागचं कारण.

न बोलल्याची किंमत या गावाला चांगली ठाऊक आहे. आदी आणि रुडोल्फ या दास्लर भावांचा बुटांचा कारखाना 1924 पासून एकत्र होता. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्स त्यांचे बूट घालून धावला. 1948 मध्ये दोघं कायमचे वेगळे झाले आणि आउराख नदीच्या दोन्ही तीरांवर आदिदास आणि प्युमा उभ्या राहिल्या. लोक समोरच्याच्या पायांतले बूट आधी बघायचे, मग बोलायचं की नाही ते ठरवायचे, अशी या गावाची ख्याती झाली. भावांच्या कबरीही एकाच दफनभूमीत एकमेकींपासून दूर आहेत. दोन्ही कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी मिश्र संघ करून एकत्र फुटबॉल खेळायला 21 सप्टेंबर 2009 उजाडावा लागला.

पण सदिच्छेचे सामने वर्षानुवर्षं काम चालवत नाहीत. ते काम कायदा करतो. जर्मनीच्या कामगार परिषद कायद्यानुसार दर तिमाहीला एकदा परिषदेला कामगारांची सभा घ्यावी लागते, तीही कामाच्या वेळेत आणि पगार न कापता. मालकाला तिथे बोलावलं जातं, आणि वर्षातून एकदा तरी त्याने आस्थापनेची कामगारविषयक आणि आर्थिक स्थिती सांगणं बंधनकारक असतं. उमेदवारांचीही निवडून दिलेली समिती असते, तिची निवडणूक दर दोन वर्षांनी होते. परिषदेवर निवडून आलेल्या कामगाराला कायदा, ताळेबंद, वाटाघाटी शिकण्यासाठी पगारी रजा मिळते. एका कार्यकाळात साधारण तीन आठवडे, पहिल्यांदाच निवडून आलेल्याला चार. यंत्रावरून उठून हजार माणसांसमोर माइक हातात घेणारा माणूस असा घडतो. भाषणकलेच्या वर्गात त्याला शिकवणं यापेक्षा सोपं असेल, पण तिथे त्याच्या शब्दावर कोणाची नोकरी अवलंबून नसते.

2009 च्या फेब्रुवारीत हे सगळं कसाला लागलं. कॉन्टिनेंटल ही मोठी कंपनी विकत घेण्याच्या व्यवहारात शेफलर कर्जात बुडाली होती, त्यात जागतिक मंदी आली. हेर्त्सोगेनआउराखच्या रस्त्यांवर हजारो कामगार उतरले आणि ते कंपनी वाचवा म्हणत होते. त्याच महिन्यात कंपनी आणि आयजी मेटाल ही कामगार संघटना यांच्यात करार झाला. तोवर खासगी कुटुंबाच्या मुठीत असलेल्या या उद्योगात कामगारांना निर्णयप्रक्रियेत वाटा देण्याचं ठरलं. आज शेफलरच्या पर्यवेक्षक मंडळावर वीस जण आहेत, त्यांतले दहा कामगारांच्या बाजूचे.

गोडवे गाण्यासारखंच सगळं आहे असं नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये शेफलरने युरोपातल्या 4,700 नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. बोलण्याच्या सगळ्या व्यवस्था असूनही नोकऱ्या जातातच. त्या व्यवस्थांमुळे एवढं होतं की बातमी कामगाराला फक्त वर्तमानपत्रातून कळून भागत नाही, वाटाघाटीला बसावंच लागतं. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सामान्य कामगाराला दरवर्षी शिक्षणासाठी काही दिवसांची रजा मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. बव्हेरियात तो नाही. इथे निवडून आलेल्या प्रतिनिधींपलीकडच्या कामगाराला मालकाच्या मर्जीवर किंवा संघटनेच्या करारावर विसंबावं लागतं, आणि ही मोठी उणीव आहे.

वरच्या मजल्यांवर चित्र निराळं दिसतं. आदिदासच्या मुख्यालयात जगभरातले लोक काम करतात आणि कामकाजाची भाषा इंग्रजी आहे. प्युमाचं प्रमुखपद सोडून 2023 च्या जानेवारीत आदिदासच्या प्रमुखपदी आलेले ब्योर्न गुल्डेन यांनी आपला मोबाइल क्रमांक कर्मचाऱ्यांना खुला केला. कंपनी अडचणीत होती, नव्या प्रमुखाला थेट सांगण्यासारखं लोकांकडे बरंच होतं. ऐकण्याची ही तयारी मोलाचीच आहे. तरी ती एका माणसाच्या स्वभावावर उभी आहे, तिमाही सभा मात्र प्रमुख बदलला तरी होते.

शेफलरच्या भारतीय शाखेचं मुख्यालय पुण्यात आहे आणि एक कारखाना तळेगावात. त्यामुळे हा विषय मावळातल्या आयटीआयच्या दारापर्यंत येतो. आपल्या आयटीआयच्या अभ्यासक्रमात ‘रोजगारक्षमता कौशल्ये’ हा विषय आहे. संवाद, संघभावना, मुलाखत असं बरंच त्यात आहे, हेतूही चांगला. पण त्याची परीक्षा संगणकावर, चार पर्यायांतून एक निवडून होते. उत्तम श्रोता कोण, याचं बरोबर उत्तर टिचकी मारून देता येतं. फिटरचा मुलगा स्वतः बसवलेल्या गिअरबॉक्सबद्दल सलग पाच मिनिटं बोलू शकतो का, हे त्यातून कळत नाही. गावाकडची, मराठी माध्यमातली हुशार पोरं कंपनीत वर्षभर ‘हो सर’ एवढंच बोलतात, कारण त्याहून जास्त त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. 1961 च्या अप्रेंटिसेस कायद्याखाली चाकण-तळेगावच्या पट्ट्यात उमेदवार घेतले जातातच. महिन्याअखेरी अशा एका उमेदवाराला त्याच्या सुपरवायझरने आणि देखभाल विभागातल्या एका माणसाने समोर बसवावं, त्याने केलेलं एक काम टेबलावर ठेवावं आणि अर्धा तास त्याला विचारत राहावं. मराठीत विचारावं. इंग्रजी किंवा जर्मन पुढे लागेल तेव्हा शिकता येईल, आधी कामाबद्दल बोलण्याची जीभ सुटू दे. आणि त्या सुपरवायझरलाही त्याआधी दहा तास बसवून विचारायचं कसं, हे शिकवावं.