नाव पालटले, निशाण बदलले

निर्बंधांचा डोळा चुकवून तेल वाहणाऱ्या जहाजांची रीत २०१९ च्या ‘ग्रेस-१’ प्रकरणात जितकी उघडपणे पाहावयास मिळाली, तितकी क्वचितच मिळते. इराणचे सुमारे २१ लाख पिंपे खनिज तेल पोटात घेऊन, सुएझचा जवळचा मार्ग सोडून साऱ्या आफ्रिका खंडाला वळसा घालीत आलेले हे अजस्र जहाज, युरोपीय निर्बंध मोडून सीरियाकडे निघाल्याच्या संशयावरून ४ जुलै रोजी जिब्राल्टरने ब्रिटिश नौसैनिकांच्या साहाय्याने अटकावून ठेवले. पनामाने तर मे महिन्यातच त्याचे नाव आपल्या जहाज-नोंदणीच्या दप्तरातून कमी केले होते. माल सीरियास जाणार नाही अशी लेखी हमी मिळाल्याचे सांगून जिब्राल्टरने ऑगस्टात ते सोडले, तेव्हा त्यावर ‘एड्रियन दर्या-१’ हे ताजे नाव आणि इराणचे निशाण होते. मात्र सांगाड्याचा सात आकडी क्रमांक जहाजाला आमरण चिकटलेला असल्याने जाणकार फसले नाहीत. जहाज आम्ही सांगू तेथे न्या, लक्षावधी डॉलर देऊ, असा ई-मेल अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्याच्या भारतीय कप्तानास धाडला (मुत्सद्देगिरीचा हा प्रकार अपूर्वच म्हणावयाचा!), आणि तो बधेना तेव्हा त्याच्यावरच निर्बंध लादले. २ सप्टेंबरला भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाशी जहाजाने आपला ठावठिकाणा कळविणारे यंत्र बंद केले. चारच दिवसांनी उपग्रहाच्या छायाचित्रांत ते सीरियाच्या तार्तूस बंदराजवळ उभे दिसले.