परतणाऱ्या रक्ताची साठ वर्षे

हृदयाची बंद पडलेली धमनी उघडली की रुग्ण वाचला, असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरेही ठरते. पण परतणारे रक्त स्वतःच इजा करू शकते, हे १९६० सालीच दिसले होते. रॉबर्ट जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या हृदयाची धमनी काही काळ बांधून सोडली. कायम बंद धमनीत चोवीस तासांनी दिसावी तेवढी पडझड रक्त परतल्यावर तासाभरातच दिसली.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रयोग १९७४ चा. क्लोनर, गॅनोट आणि जेनिंग्ज यांनी धमनी ४० मिनिटे बांधली, तेव्हा सोडल्यावर रक्त सगळीकडे पोचले. ९० मिनिटे बांधली, तेव्हा मोठी धमनी मोकळी होऊनही स्नायूच्या आतल्या भागात रक्त गेलेच नाही. आवर्तन सुटावे, कालवा भरून वाहावा आणि टेलच्या शेताला थेंब मिळू नये, तसे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कारण दिसले. केशवाहिन्यांचे आतले अस्तर सुजून, फुगवटे येऊन वाट अडली होती. म्हणजे रक्तवाहिनी ही नुसती नळी नाही. तिचे अस्तर जिवंत आहे आणि तेही मरते. आजही अँजिओप्लास्टीनंतर धमनी स्वच्छ दिसते, पण काही रुग्णांत स्नायूला रक्त मिळत नाही. डॉक्टर त्याला ‘नो-रिफ्लो’ म्हणतात.

पुढे यंत्रणा उलगडत गेली. ऑक्सिजन एकदम परतला की घातक मुक्त कण तयार होतात, पेशीत कॅल्शियम शिरते, पांढऱ्या पेशी अस्तराला चिकटतात. मग उपायांची आशा वाढली. १९८६ साली मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी धमनी आधी चार वेळा पाच-पाच मिनिटे बंद केली आणि नंतर ४० मिनिटे बंद ठेवली. मेलेला भाग एरवीच्या चौथाईवर आला. २००३ मध्ये झाओ आणि विंटेन-योहानसन यांनी रक्त परतताना अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने थांबवत सोडले, तेव्हाही इजा कमी झाली.

माणसांत मात्र हाती फारसे लागले नाही. सायक्लोस्पोरिन या औषधाने २००८ मध्ये ५८ रुग्णांत आशा दाखवली. २०१५ मध्ये सुमारे ९७० रुग्णांच्या चाचणीत ती विरली. दंडाला पट्टा आवळून-सोडून हृदय वाचवण्याची कल्पना तर फारच सुंदर होती. २०१९ मध्ये पाच हजारांवर रुग्णांत तिचा उपयोग दिसला नाही. प्रयोगातले प्राणी बहुधा तरुण आणि निरोगी होते. रुग्ण मात्र वयस्कर, मधुमेही आणि आधीच अनेक गोळ्यांवर असलेले. हा फरक फार उशिरा गंभीरपणे घेतला गेला, असे मला वाटते. आणि लक्ष बराच काळ स्नायूच्या पेशीवर राहिले, अस्तराच्या वाट्याला कमी आले.

४० आणि ९० मिनिटांतला तो फरक मात्र टिकून आहे. अस्तराला वाचवणारे खात्रीचे औषध अजून हाती नाही. वेळ वाचवणे तेवढे आपल्या हाती आहे. छातीत दुखू लागले, दरदरून घाम आला, की अॅसिडिटी असेल म्हणून सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.